गंधाराखालची रेघ

तीनताल हातावर मावतो. करंगळीची तीन पेरं आणि वरचं टोक मिळून चार मात्रा, मग अनामिकेच्या चार, मधल्या बोटाच्या चार, तर्जनीच्या चार. अंगठा एकेका पेरावर टेकत पुढे सरकतो आणि सोळा भरल्या की पुन्हा करंगळीच्या मुळाशी येतो. सम करंगळीवर, खाली मधल्या बोटावर. मिरजेहून सांगलीला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की माझा अंगठा हे आपसूक करू लागतो. एकदा शेजारच्या आजींनी हळूच विचारलं, "कुठल्या देवाचं नाव घेता?" मी म्हटलं, "देवाचं नाही हो, ताल मोजतेय." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तेही चालतंय की."

मिरजेत राहणाऱ्याच्या कानावर गाणं पडतंच. मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं चालतं. सतारमेकरांच्या गल्लीतून जाताना कुणीतरी नव्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत जवारी जुळवत बसलेला असतो. हे सगळं मी आयुष्यभर ऐकत आले. त्यातलं काही वहीत लिहिता येईल आणि वहीतून पुन्हा गळ्यात आणता येईल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर ताईंच्या वर्गात जाऊ लागले. ताई वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण शिकवणारी म्हणून ताईच. आजूबाजूची मुलं शाळेच्या गणवेशातच येतात. त्यांना प्रारंभिकची परीक्षा द्यायची असते, कुणाला प्रवेशिकेची. मला परीक्षा नको होती, लिहायला शिकायचं होतं. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी म्हणा, मग लिहा. जे म्हणता येत नाही ते लिहायचं नाही."

सुरुवात भूपाच्या एका छोट्या बंदिशीने झाली. पट्टी घेऊन सोळा खाने आखले, दर चार खान्यांनंतर उभी रेघ. बंदिश नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उठत होती. माझं मन पहिल्या खान्यात एकचा आकडा घालायला निघालं होतं. ताईंनी पुस्तक उघडून दाखवलं. तिथे ओळीच्या डाव्या टोकाला शून्य होतं, खालीची खूण, आणि समेची फुली ओळीच्या बरोबर मध्यावर. पहिली मात्रा पानाच्या पोटात. कितीतरी वेळ मी त्या फुलीकडे पाहत राहिले. गाणं एकपासून सुरू होत नाही, ते एककडे निघालेलं असतं, हे मैफलीत मान डोलावताना माझ्या अंगाला ठाऊक होतं. समेवर हात खाली येतो तो काय उगाच? पण ते डोळ्यांना दिसलं त्या पानावर. त्यानंतर कुठलीही चीज ऐकताना मी तिच्या सुरुवातीपेक्षा, ती ज्या अक्षरावर समेला येते त्या अक्षराची वाट पाहू लागले. बंदिश बांधणाऱ्याने नेमकं हेच अक्षर तिथे का ठेवलं असेल, हा विचार तेव्हापासून सुटलेला नाही.

मग खुणा आल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तार सप्तकातल्यावर टिंब. एका मात्रेत दोन-तीन-चार स्वर आले तर त्यांच्याखाली चंद्रकोर. स्वर लांबला तर पुढच्या खान्यात नुसती आडवी रेघ, आणि त्याच्या खालच्या शब्दांच्या ओळीत अवग्रह. कणस्वर मुख्य स्वराच्या खांद्याशी, बारीक अक्षरात. पंचम कंसात आला तर म्हणायचं ध-प-म-प, एका झटक्यात. खुणा एवढ्याच. शाळेतलं मूल बाराखडी शिकतं त्याहून कितीतरी कमी वेळात त्या पाठ होतात.

त्यातली ती लांबवण्याची रेघ मला सगळ्यांत आवडते. छापील पानावर ती रिकामी जागा भासते. नवखा वाचणारा तिथे गप्प होतो. ताई लगेच बोट वर करतात: "सूर सोडू नका, तिथे तुम्ही अजून गाताय." पेन्सिलने ती रेघ ओढताना ओठ मिटून गंधार धरून ठेवावा लागतो, नाहीतर किती रेघा ओढायच्या ते कळत नाही. हात एक रेघ ओढून मोकळा होतो आणि श्वास चालूच राहतो. लिहिणं आणि गाणं इतकं एकमेकांत गुंतलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पत्र लिहिताना पत्र मोठ्याने म्हणावं लागत नाही.

आमच्या भागाचं आणि या खुणांचं जुनं नातं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म 1872 चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळेचा रस्ता बंद झाला, आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आला. पुढे ते मिरज सोडून निघाले आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्गात एकाच वेळी अनेकांना शिकवायचं तर लिहिलेलं काहीतरी हाताशी हवं, म्हणून त्यांनी आपली स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली. ज्याच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं त्या माणसाने गाण्याला डोळ्यांसाठीच्या खुणा दिल्या, ही गोष्ट मी मनात अनेकदा घोळवते. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याचा काळ लिहिलेला असतो: एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला छोटं शून्य, पाव मात्रेला अर्धचंद्र. कोमल गंधार लिहायचा तर त्या अक्षराचा पाय मोडायचा. कुठलाही स्वर आपल्या वेळेचा हिशेब स्वतःजवळ बाळगून उभा. फार काटेकोर, फार प्रेमाने केलेलं काम आहे ते. छापणाऱ्याला मात्र ते जड जात असणार. एका ओळीसाठी खिळ्यांच्या किती रांगा जुळवायच्या! पंडितजींनी स्वतःचा छापखाना घातला होता, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

आज सगळीकडे जास्त दिसते ती विष्णु नारायण भातखंड्यांची पद्धत, आणि मीही तीच शिकले. दोन विष्णूंच्या दोन लिप्या. गंमत म्हणजे पलुस्करांकडे अक्षरावरचं टिंब मंद्र सप्तकाचं आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. भातखंड्यांकडे तेच वरचं टिंब तार सप्तकाचं. तसंच टिंब, त्याच जागी, एका पुस्तकात गळ्याला खाली उतरवतं आणि दुसऱ्यात वर चढवतं. जुनं पुस्तक हाती आलं की आधी कुणाची लिपी ते पाहून घ्यायचं, हा धडा इथेच मिळतो.

भातखंडे 1860 साली वाळकेश्वरला जन्मले. शिकून वकील झाले आणि पुढे वकिली सोडून गाण्याच्या मागे लागले. पत्नी गेली, मुलगी गेली, त्यानंतरच्या आयुष्यात दुसरं काही उरलंच नाही. 1904 मध्ये ते दक्षिणेत फिरले. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितारांना भेटले. दीक्षितारांनी त्याच वर्षी आपल्या परंपरेच्या कृती स्वरलिपीसह एका भल्यामोठ्या ग्रंथात छापून काढल्या होत्या. पुढे उत्तरेत घराण्याघराण्यांतून भातखंड्यांनी बंदिशी गोळा केल्या. त्या काळी बंदिश म्हणजे घरातला दागिना. मुलाला द्यायची, फार तर जावयाला. त्या सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत येऊन बसल्या आणि आज परीक्षेला बसणाऱ्या कुठल्याही मुलाच्या दप्तरात असतात. ताई एकेक ओळ चार-चार वेळा सावकाश म्हणतात, तेव्हा कुठे ती माझ्या वहीत उतरते. तो माणूस ज्यांच्यासमोर बसायचा ते बुजुर्ग काही सावकाश म्हणणारे नसतील. कुठे मुरकी घेतली, कुठे नुसता कण लावला, कुठे शब्द पुढे ढकलला, हे सगळं ऐकता ऐकता टिपायचं आणि समोरच्याचा मानही राखायचा. वहीवर वाकून बसलेले ते माझ्या डोळ्यांसमोर येतात आणि मला त्यांच्या कानांचा हेवा वाटतो.

पुस्तकातलं गाणं मेलेलं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही, पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी वहीतच पाहिली. भूप लिहिला: सा रे ग प ध. काही महिन्यांनी देसकार आला, आणि लिहायला बसले तर सा रे ग प ध. तेच पाच स्वर, आरोह तोच, अवरोह तोच. एक संध्याकाळचा, एक सकाळचा. भूप गंधाराशी येऊन विसावतो, देसकार वरच्या अंगाला राहतो आणि धैवतावर असा उभा राहतो की ऐकणाऱ्याला दिवस उजाडल्यासारखं वाटावं. धैवतावरचं ते उभं राहणं लिहायचं कसं? त्याला रेघ नाही, टिंब नाही. तसाच भैरवाचा ऋषभ. कोमल म्हणून खाली रेघ ओढली की लिहिणाऱ्याचं काम संपलं. पण भैरवात तो ऋषभ डोलतो, षड्जाकडे झुकून परत येतो. मारव्यातल्या ऋषभाखालीही हीच रेघ, आणि तिथे तो षड्जाला टाळत उभा असतो. कागदावर दोघे अगदी सारखे.

यावर ताई काय म्हणतील याची मला उत्सुकता होती. त्या सहज म्हणाल्या, "म्हणून तर मी आहे ना समोर."

आपल्याकडे कागद गाण्याच्या मागून येतो. आधी गळा, मग कान, मग वही. मैफलीत गवयापुढे क्रमिक पुस्तक कधी कुणी पाहिलंय? याच्या अगदी उलट परंपरा इथून काही तासांच्या अंतरावर, गोव्यात नांदली. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा शिकवत, हाती व्हायोलिन देत. पाच रेघांवरचं काळं-पांढरं वाचत वाढलेली ती मुलं मोठी होऊन मुंबईला गेली आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा होते. अँथनी गोन्साल्विस यांच्या हाताखाली प्यारेलाल व्हायोलिन शिकले. संगीतकाराने पेटीवर चाल सांगायची, अरेंजरने ती पाच रेघांवर उतरवून वाद्यावाद्यांत वाटून द्यायची, आणि आयुष्यात कधी न ऐकलेला तुकडा वीस-पंचवीस व्हायोलिनांनी कागदाकडे पाहून एका गजात वाजवायचा. लहानपणापासून ज्या गाण्यांवर आपण जीव टाकला त्यांच्या आधी कागद होता, हे कळल्यापासून मी ती गाणी वेगळ्या कानांनी ऐकते. कडव्याआधीचा व्हायोलिनांचा लोट आला की तो लिहिणारा हात मनात येतो. आपली स्वरलिपी अशी पुढे धावत नाही. मला तिचं मागून येणंच जवळचं वाटतं. आधी ऐकलेलं असल्याशिवाय ती उघडत नाही, आणि एकदा ऐकलेलं असलं की हरवू देत नाही. तीत सूर कुठल्या पट्टीतला तेही नसतं. बाईने काळी पाच धरावी, पुरुषाने काळी एक. सा ज्याचा त्याने आपल्या गळ्यात शोधायचा. एकच पान दोघांचं.

वही जरा हाताळली गेल्यावर मला आईच्या ओव्या लिहाव्याशा वाटू लागल्या. गावात गिरणी आली होती, तरी डाळी भरडायला आई जात्यावर बसायची. हरभऱ्याची मूठ टाकायची, खुंटा ओढायचा, आणि ओवी. शब्द बरेचसे गेले, चाल मात्र पक्की आहे. तीन-चार स्वरांतच ती फिरते: षड्ज, ऋषभ, गंधार, आणि ओळ संपताना खालच्या निषादाला पुसटसा स्पर्श. इतकी साधी गोष्ट लिहायला काय लागतं, असं वाटलं होतं. खाने आखले. ओवी त्यात बसेना. सोळात नाही, आठात नाही, सहात नाही. तिचा ताल जात्याच्या फेऱ्याचा होता; मूठ टाकताना फेरा हळू होई, ओवी तिथे थांबे, जातं भरलं की जड चाले, रिकामं होत आलं की हलकं पळे. शेवटी उभ्या रेघा सगळ्या खोडून टाकल्या आणि फक्त स्वर एकापुढे एक लिहिले. खोडरबराचे कपटे झटकले तेव्हा पान मोकळं झालेलं होतं.

मग गंधार आडवा आला. शुद्ध लिहिला तर म्हणताना आईची ओवी राहीना, भजन होई. कोमल लिहिला तर उगीच उदास होई, आणि आईची ओवी उदास कधीच नव्हती. पेटी घेऊन बसले. तो सूर काळ्या आणि पांढऱ्या पट्टीच्या मध्ये कुठेतरी होता, पेटीत नसलेल्या जागी. आठवणीने काही बदल केला असेल, अशी शंका आली म्हणून मोठ्या बहिणीला फोन लावला. काही न सांगता तिला फक्त ओवी म्हणायला सांगितली. ती मुळी गाणारी नव्हे. पण तिचा गंधार नेमका तिथेच गेला, दोन पट्ट्यांच्या मध्ये. म्हणजे आठवण खोटी नव्हती. ग्रंथांत बावीस श्रुतींची चर्चा आहे आणि तिथे पंडितांचे वाद आहेत. आईला त्यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं. तिने तो सूर तिच्या आईकडून घेतला असणार, आणि तिच्या आईनेही कुणाचा तरी ऐकून.

लिपीत त्याला खूण नव्हती. खूप विचार करून मी गाखाली रेघ मारली, पण निम्मीच. अक्षराच्या मध्यापर्यंत आणून सोडलेली. लिहायला शिकल्यापासून आपली म्हणावी अशी माझी ही एकच खूण. ताईंना दाखवली. त्यांनी ओवी दोनदा म्हणायला लावली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, "राहू द्या. पण पानाच्या तळाशी तिचा अर्थ लिहून ठेवा. पुढच्याला कळायला हवं."

पुढची म्हणजे माझी भाची. पुण्यात असते, सतार शिकते. पानाचा फोटो तिला पाठवला, अर्थ न लिहिताच, कारण तिला काय ऐकू येतं ते मला पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन. "मावशी, गाखाली अर्धीच रेघ आहे. पेन्सिल घसरली की मुद्दाम?"

"मुद्दाम. वाजवून बघ."

तिने कोमल गंधाराच्या पडद्यावरून तार ओढली. "एवढी?"

"थोडी अजून. नाही, फार झाली. जरा खाली ये."

"मावशी, हे तुझ्या कागदावर कुठेय?" तिचा आवाज हसरा, पण प्रश्न खरा होता. मी फोनवर ओवी गुणगुणले, ती तार ओढत राहिली. बऱ्याच वेळाने एकदा सूर असा लागला की दोघीही गप्प झालो. लगेच तिने तो हरवू नये म्हणून आपल्या वहीत लिहिला. माझी खूण तिने घेतली नाही. सतारीवर बोटाला तार किती ओढायची ते महत्त्वाचं, म्हणून तिने कोमल गंधार लिहून त्याच्या डोक्यावर लहानसा वर वळलेला बाण काढला. तिचं म्हणणं, तुझी रेघ सूर कुठे आहे ते सांगते, माझा बाण तिथे जायचं कसं ते सांगतो. मला ते एकदम मान्य आहे असं नाही. बाण पाहिला की गळा कोमलवरून घसरत वर येतो, आणि आई घसरत येत नव्हती, ती थेट त्या जागी उभी राहायची. हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, मग रेघ आणि बाण दोन्ही नकोत, तिसरंच काहीतरी हवं.

आता दोन्ही पानं बहिणीकडे पाठवली आहेत. आईजवळ जात्याला हात लावून बसण्याचा मान तिचा होता, मी लहान म्हणून बाजूला डाळ पाखडत असे. तेव्हा निवाडा तिनेच करायचा. तिला स्वरलिपी येत नाही. काल म्हणाली, "आधी मला वाचायला शिकव. मग सांगते कुणाचं बरोबर ते." रविवारी तिच्याकडे जाणार आहे. नवी वही घेतली आहे, पट्टी आणि दोन पेन्सिली. सुरुवात भूपाने करावी की थेट ओवीनेच, हे अजून ठरत नाही.